आंधळ्या नाळेच्या तोंडावरचा दगड

अवसरी बुद्रुक
२५ ऑक्टोबर २०२५

रामदास,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. तुझे दाजी उद्या टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जाणार आहेत. तिथं आपल्या वाडीच्या मुक्कामी गाडीचा भगवंत कंडक्टर भेटतो, त्याच्या हातात पाकीट देतील. भगवंताला निरोप आहे की रामदासच्याच हातात द्यायचं आणि त्यानं फोडल्याशिवाय दारातून हलायचं नाही.

आता नीट वाच. बाचा दगड कुणी हलवला?

'कुठला दगड' असं विचारलंस तर थोबाडीत बसेल. पठारावरून वाडीत उतरायला कड्याच्या घळीतून दोन नाळी आहेत. थोरली नाळ आपल्या गोठ्यामागं उतरते. आंधळी नाळ निम्म्यात कड्यावर संपते, पुढं वाट नाही, नुसती पोकळी. वरून दोन्हींची तोंडं सारखीच दिसतात. हे तुला मी सांगावं का? जुन्नरच्या वसतिगृहावर आपल्या दोघांना सोडायला नि आणायला बा ह्याच वाटेनं न्यायचा. पाऊस सरला की दरवर्षी पहार नि कोयता घेऊन तो वर जायचा. आंधळ्या नाळेच्या तोंडावर करवंदीची काटी आडवी टाकायचा. थोरलीच्या तोंडावर दगडांची रास नीट लावायचा आणि त्यावर आईच्या फुटक्या जात्याचा अर्धा दगड ठेवायचा. दगडावर दगड कुणीही गुराखी रचतो. पण जात्याचा दगड अख्ख्या डोंगरात एकच. "धुकं आलं का डोळ्यावर न्हाई, जात्यावर इश्वास ठेवायचा," असं म्हणायचा.

मी ठेवला.

परवा गुरुवारी मी जुन्नरच्या अंगानं डोंगर चढून एकटी पठारावर आले होते. सहज. तुला माहीत आहे, दर रविवारी पाठीला बॅग लावून मी कुठंतरी चढून येते. सासूबाई म्हणतात, "आमची सून बोचकं घेऊन डोंगर हुंगत फिरती." तशीच आले. त्या दिवशी भाऊबीज होती तो योगायोग. त्याचा नि माझ्या येण्याचा काही संबंध जोडू नकोस.

सकाळी चढताना ऊन होतं. पठारावर पाय ठेवला नि ढग अंगावरच आले. दिवाळीत असला पाऊस! खाली लोकांचा कापायला आलेला भात आडवा झाला असेल, आणि वर मला माझे स्वतःचे बूट दिसेनात. वारा असा की टोपी उडून गेली ती गेलीच. पुण्याच्या पाहुण्यांना राहायला ठोकलेले तुझे तंबू फडफडताना ऐकू आले, आत कुणी नव्हतं. तिथं जाऊन बसता आलं असतं. पण तुझ्या तंबूत कोरडं बसण्यापेक्षा बाहेर भिजलेली बरी. मी चाचपडत कडेकडेनं गेले आणि रास सापडली. वर जातं. मी हात ठेवला, खुंट्याच्या भोकात अंगठा घालून बघितला. जीव भांड्यात पडला माझा. आता काय, गोठ्यात पोचलेच, असं म्हणून बिनधास्त खाली उतरले.

काटी नव्हती. काटी असती तर पायाला लागली असती, तिथंच थांबले असते. तीही काढलीस.

पाणी लागलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी घसरत गेले ती कारवीच्या जाळीत अडकले. बॅग खांद्यावरून निसटली नि पुढं गेली. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. मग ढग जरासा फाटला आणि माझ्या पायांच्या मधून मला आपल्या घराचे पत्रे दिसले. सरळ खाली. चुलीचा धूर येत होता.

रांगत वर आले. येताना राशीच्या बुडाशी हात लागला तर सिमेंट! नवं, गुळगुळीत. आणि तंबूंच्या बाजूला तोंड करून पांढऱ्या रंगात बाण नि 'सेल्फी पॉइंट'. म्हणजे पाहुण्यांना कड्यावरनं फोटो चांगला येतो म्हणून तू बाची खूण उचलून मरणाच्या तोंडावर नेऊन बसवलीस, आणि त्यांची जॅकिटं फाटू नयेत म्हणून काटी काढलीस. अरे, जरा तरी लाज?

मला विशेष काही झालं नाही. घोटा मुरगळलाय. बॅगेतही काही विशेष नव्हतं.

दगड जागेवर ठेव.

मोहिनी


अवसरी बुद्रुक
३० ऑक्टोबर २०२५

रामदास,

भगवंतानं तुझा निरोप आणला. शब्द न् शब्द सांगितला बिचाऱ्यानं, खाली बघून. "तिला म्हणावं, आभाळ दिसत व्हतं तर मरायला आली कशाला? अन् दगड पाव्हण्यांनी हलवला आसंल. मला काय म्हाईत?"

वा रे वा! पाव्हण्यांनी. पुण्याचे पाव्हणे येताना सिमेंटची गोणी घेऊन येतात का रे? वाळू, घमेलं, रंगाचा डबा? जातं दोघांशिवाय उचलत नाही. खोटं बोलायचं तर निदान अक्कल लावून तरी बोल. लहानपणी दूध सांडलंस की मांजरावर ढकलायचास, आणि ओठावर साय तशीच. काही फरक नाही तुझ्यात.

आणि तू विचारलंस मी आले कशाला, तर ऐक. घोटा मुरगळलेला नाही, मोडलाय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी आपली म्हैस शोधत पठारावर आली होती, तिला मी दिसले. तिनं मला आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि विचारलं, "बाय, वाडीत सांगावा धाडू का?" मी म्हटलं, नको, जुन्नरच्या बाजूला न्या. तिच्या लेकानं पाठुंगळी घेऊन मला उतरवलं. माझं माहेर पायाखाली होतं आणि मी परक्या माणसाच्या पाठीवरून उलट्या दिशेनं गेले. का, ते तुला ठाऊक आहे.

बाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी एवढंच म्हटलं होतं की आईला तुझ्या तंबूवाल्यांच्या भाकरी थापायला बसवू नकोस, तिला आता दिसत नाही, तव्यावर हात भाजतो. त्यावर तू अख्ख्या भावकीसमोर काय म्हणालास? "लगीन झालं तुझं. तू आता पावणी. पाव्हण्यानं जेवावं अन् जावं." मी जेवले नाही, नुसती गेले. त्यानंतर दोन भाऊबिजा गेल्या.

ह्या वर्षी मला राहवलं नाही. हो, भाऊबिजेलाच आले होते. बॅगेत ओवाळणीचं ताट होतं, बानं मला लग्नात दिलेलं ते पितळी. निरांजन होतं. तुला आवडतात तशा जाड काठाच्या करंज्या होत्या, त्या मोडू नयेत म्हणून मी चढताना बॅग पोटाशी धरत होते. गेलं सगळं कड्याखाली. झालं समाधान?

एसटीनं का नाही आले, असंही विचारशील. एसटीनं आले असते तर पारावर उतरावं लागलं असतं. सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत तुझ्या दारात यायचं आणि तू दार लावून घेतलंस तर? म्हणून बाच्या वाटेनं निघाले. नाळेनं उतरलं की आधी गोठा, मग मागचं दार, मग आई. तुला कळायच्या आत मी चुलीपाशी बसलेली असते. एवढाच माझा बेत होता. तेवढाही तू होऊ दिला नाहीस.

पण माझं जाऊ दे. बुधवारी पुनव आहे.

त्रिपुरीच्या पुनवेला वाडीतल्या बायका काय करतात? तू त्यांना पिकअपमधून पठारावर नेऊन सोडतोस, त्या कळमजाईला दिवे लावतात, आणि उतरताना गाडीत बसत नाहीत. नाळेनं चालत येतात, वळणावळणाला पणती ठेवत. पहिली पणती जात्यावर. ती ठेवायचा मान आईचा, आणि ती ठेवून पहिलं पाऊल खाली टाकायचंही तिनंच. मागून सगळ्या तिच्या पदराला पदर लावून. वर्षभर ती नाळ आता कुणी वापरत नाही, तुमचा रस्ता झालाय. दगड हलला हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नाही. चांदणं असलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल. पण ढग हटायचं नाव घेत नाहीत. आणि आईला चांदण्यातही कुठं दिसतं? तिला हातानंच दिसतं. ती जातं चाचपेल, पणती ठेवेल आणि पाय टाकेल.

मी भगवंताकडून तिला सांगून पाठवलं, दगड हलवलाय, जाऊ नको. ती त्याला हसली. म्हणाली, "माझा रामा बाच्या दगडाला हात लावील व्हय? पोरीचं डोस्कं फिरलंय, तिला म्हणावं लिंबू-पाणी घे." माझा शब्द तिला पटत नाही, कारण मध्ये तू उभा आहेस. तिच्या रामाचा शब्द पटेल. म्हणून तुझ्या पाया पडते म्हण, की तुला शिव्या घालते म्हण, जे सोपं वाटेल ते समज. तिला खरं सांग. नाहीतर दगड हलव.

मोहिनी, अवसरीची पावणी


३ नोव्हेंबर, सोमवार

रामदास,

भगवंत आज म्हणाला, पत्र दिलं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, काही बोलला नाही. अरे, घशात काय अडकलंय तुझ्या?

परवा पुनव. टीव्हीवर परत पाऊस सांगितलाय.

मी काही आता कागद खरडत बसणार नाही. परवा जीपनं येते. दाजी चिडलेत, सासूबाई म्हणतात, "पाय तोडून घ्यायचा आसंल तर जा." मी जाणार आहे. तुझ्या पिकअपच्या रस्त्यानं पठारावर येईन, कुबड्यांवर आंधळ्या नाळेच्या तोंडाशी जाईन आणि करवंदीच्या काटीसारखी तिथं आडवी पडेन. मग काढ फोटो. आईला जायचं असेल तर माझ्या अंगावरनं जाऊ दे.

एवढं होण्याआधी तुला काही वाटलं तर वाटू दे.


अवसरी बुद्रुक
८ नोव्हेंबर २०२५

रामदास,

बुधवारी आम्ही निघालो होतो. घाटात दरड आली आणि पुढं एक दुधाचा टँकर आडवा. मी जीपमध्ये बसून किंचाळले, दाजींना नाही नाही ते बोलले, कुबडी घेऊन उतरून चालत निघाले तर त्यांनी उचलून परत आत टाकलं. माणसानं सबंध संसारात माझ्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. संध्याकाळ झाली, वर डोंगर ढगात होता, आणि मी खिडकीतून तिकडं बघत बसले. आईला आता पणती दिली असेल कुणीतरी, एवढंच मनात येत होतं. तुझ्या नावानं मी जे काही बोलले ते देवानं ऐकलं नसेल तर बरं.

काल आई आली. भगवंताच्या गाडीनं, एकटी, माझा पाय बघायला. पाय बघायच्या आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं डोस्कं फिरलं न्हवतं बाय. माझंच फिरलं व्हतं." मग सगळं सांगितलं. ती सांगते तेव्हा कसं सांगते तुला माहीत आहे, भाजीत मीठ किती पडलं इथपासून.

वर दिवे लावले, म्हणाली. वाऱ्यानं निम्मे विझले. ढग इतके की कळमजाईचा कळस दिसेना. सगळ्या निघाल्या, ही पुढं. जातं सापडलं, चाचपलं, पणती ठेवली, देवीचं नाव घेतलं नि पाय उचलला. तेवढ्यात खालून, ढगातून, आवाज आला. "आई, इकडं न्हाई."

तिला वाटलं बा बोलतोय. मागच्या बायका ओरडल्या, एक तर तिथंच बसली म्हणे. तुझा आवाज बासारखाच आहे, ते मला फोनवर नेहमी जाणवायचं, फोन घेत होतास तेव्हा. मग बॅटरीचा उजेड दिसला आणि तू. नाळेत चार हात खाली, दोन्ही हात पसरून उभा, पुढ्यात करवंदीची काटी टाकून, ओलाचिंब, थंडीनं दात वाजत होते.

तिनं विचारलं, "दगुड हितं कसा रं?"

तू म्हणालास, "मी हलवला."

"कुणी?"

"मीच, आई. फोटूसाठी."

आईनं तुझ्या कानाखाली ओढली. सगळ्या बायकांच्या देखत. बा गेल्यापासून तिनं कुणावर हात उगारला नव्हता. मग तू एकेकीचा हात धरून सगळ्यांना थोरल्या नाळेला लावून दिलंस आणि मागून आईला पाठीवर घेऊन उतरलास.

हे सगळं ऐकून माझा राग गेला असं तुला वाटत असेल तर तू वेडा आहेस.

अरे, त्यांना पिकअपमधून वर तूच नेलंस ना? सबंध रस्ताभर आई तुझ्या शेजारच्या सीटवर बसली होती. तेव्हा सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं? पावसात कड्यावर उभं राहायची छाती आहे तुझ्यात, आणि आईला 'चुकलं' म्हणायची नाही. ती वीतभर बाजूनं गेली असती तर? तिच्याऐवजी दुसरीच कुणी पुढं झाली असती आणि तुझी बॅटरी विझली असती तर? विचार करून माझ्या अंगावर काटा येतो आणि मग परत तुझी मान धरावीशी वाटते. एक दिवस काटी होऊन उभा राहिलास. रोज राहणार आहेस का?

आई म्हणाली, जात्याला छिन्नीच्या खुणा आहेत, एक कड उडालीय. म्हणजे पुनवेच्या आधी तू हाणून बघितलंस, निघालं नाही. निघणार कसं? एवढं पक्कं बांधलंयस! तुझ्या घराची भिंत तरी इतकी पक्की आहे का? पण ऐक, जात्यावर मारू नकोस. बुडाच्या सिमेंटवर मार, पहार तिरकी घाल, आणि हळू. अर्धं जातं आधीच फुटलेलं आहे, आणखी तुकडे झाले तर मी तुझे करीन.

आणि ती पिशवी. आईनं जाताना पलंगाखाली सरकवली. मी उघडली. माझी बॅग होती. एक पट्टा तुटलेला, चिखल धुतलेला. कड्याच्या बुडाला काय झाडी आहे ते मला ठाऊक आहे. तिथं शोधायला किती वेळ लागला असेल ते मी विचारणार नाही. तू तिथं उभा राहून वर बघितलं असशील. बघितलंस ना? मी कुठून खाली आले असते ते दिसलं असेल तुला. बरं झालं दिसलं.

करंज्यांचा नुसता चिखल. ताट मात्र निघालं. चेपलेलं असणार, ते तू ठोकून सरळ केलंस. कडेला हातोडीचे ठोके दिसतात, एका बाजूनं जास्त मारलंस, म्हणून जमिनीवर ठेवलं की डुगडुगतं. साधं एक काम धड येत नाही तुला. निरांजन आलं नाही. ते सापडलं नसेल, राहू दे, आईचं घेऊ.

आई म्हणते, मार्गशीर्षातल्या देवदिवाळीपर्यंत भाऊबीज चालते. तोवर प्लास्टर निघेल. मी येणार आहे. डोंगरानं नाही, भगवंताच्या गाडीनं. पारावर उतरेन, सगळ्या वाडीसमोर, कुबडी टेकत तुझ्या पुढच्या दारात येईन. दार उघडं ठेव. पावणी म्हणून येत नाही, हे भावकीलाही सांगून ठेव.

पण घरात पाय ठेवायच्या आधी तू मला पिकअपनं वर न्यायचंस. मी जात्याच्या भोकात अंगठा घालून बघणार, थोरल्या नाळेच्या तोंडावर. आंधळीला काटी असेल, ताजी. तो पांढरा बाण पुसलेला असेल. हे नसेल तर तशीच मागं फिरेन, आणि ह्या वेळी आईलाही घेऊन जाईन. तिच्या हातावर तव्याचे नवे डाग आहेत, मी मोजले नाहीत, पण बघितलेत.

आणि असेल तर ओवाळीन. हातात आहे ते ताट डुगडुगतं, तेव्हा नीट बस, हलू नकोस.

तुझी,
आक्का